गुरुदास म्हाडगुतांचा बोचको

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात एस.टी. जिथे थांबते, तिथून चार पावलांवर गुरुदास म्हाडगुतांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढं लाकडी खोकं, वर पत्रा आणि पुढे काच लावलेली पेटी. पेटीत पट्टे, काटे, सेल आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली घड्याळं. गुरुदासांची एकुलती मुलगी तेजस्वी शाळा सुटली की थेट इथेच यायची, कारण आई सावित्री काजूच्या कारखान्यात कामाला होती आणि सहापर्यंत घराला कुलूप असायचं.

बाबा कमी बोलणारे. डोळ्याला भिंग लावलं की त्यांना हाकसुद्धा ऐकू येत नसे. पण गिऱ्हाईकाला त्यांनी कधी खोटा बिघाड सांगितला नाही. नुसती धूळ बसली असेल तर फुंकर मारून घड्याळ परत देत आणि म्हणत, "काय एक झाला नाय. घेवन जा." शेजारचा शिंपी गणपत त्यांना वेड्यात काढायचा. "अशान धंदो व्हता?" तो विचारायचा. बाबा हसून दुसरं घड्याळ हातात घ्यायचे.

तेजस्वीचा मामा निलेश बोटीवर भटारखान्यात होता. नव्याण्णव सालच्या चतुर्थीला तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक राखाडी रंगाचा, हातात मावणारा व्हिडिओ गेम होता. जपानच्या कुठल्याशा बंदरात जुन्या सामानात घेतलेला. खाऱ्या हवेनं तो बंद पडला होता. "भावजी, बघा काय व्हता तर," म्हणून त्यानं तो बाबांकडे टाकला. बाबांनी दोन दिवस खपून आतली हिरवी बुरशी काढली, एक तार नव्यानं जोडली, आणि चार पेन्सिल सेल घातल्यावर पडदा उजळला. तोवर निलेशची रजा संपत आली होती. "ऱ्हवांदे तुमकाच," तो म्हणाला. "माका त्यातला एक अक्षर कळणा नाय."

अक्षर बाबांनाही कळत नव्हतं. सगळं जपानीत. पण खेळ काय आहे हे त्यांना आठवड्याभरात उमगलं. एक टोपी घातलेला मुलगा गावोगाव हिंडतो, गवतात, डोंगरात, पाण्यात चित्रविचित्र प्राणी भेटतात, ते पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. बरोबर सहाच ठेवता येतात. वाटेत गड लागतात, गडावरच्या सरदाराला हरवल्याशिवाय पुढची वाट खुली होत नाही.

प्राण्यांची नावं वाचता येत नसल्यामुळे बाबांनी आपलीच ठेवली. तुऱ्यातून जाळ काढणारा तो आगकोंबो. पाठीवर पाषाण असलेला तो दगडी आजो. तेजस्वी तेव्हा पाच वर्षांची होती. बाबांच्या मांडीवर बसून ती ही नावं शिकली, बाराखडीच्या आधी.

आणि एके दिवशी दलदलीत बोचको भेटला.

तो दिसायला खरंच कपड्यांच्या बोचक्यासारखा होता. वर गाठ, गाठीखाली दोन बारीक डोळे, खाली दोन आखूड पाय. हात नाहीत, दात नाहीत, शेपूट नाही. झुंजीत त्याला दोनच गोष्टी करता यायच्या. एक म्हणजे समोरच्याच्या अंगावर पडणं, आणि त्यात तो बहुतेक वेळा चुकायचा. दुसरी म्हणजे गाठ जराशी सोडणं आणि पुन्हा आवळणं. त्यानं काय व्हायचं ते कुणालाच कळलं नाही. समोरच्याला काही लागायचं नाही, स्वतःचं काही वाढायचं नाही. गाठ उघडायची, आत नुसता काळोख दिसायचा, गाठ मिटायची.

बाबांना तो आवडला. कसा आवडला, कशासाठी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्याला सहांत पहिल्या जागेवर ठेवलं आणि तो तिथून कधी हलला नाही. बाकीचे पाच जण चांगले तगडे होते. पण झुंज सुरू झाली की आधी बोचको पुढे. तो मार खायचा, पडायचा, मग आगकोंबो येऊन काम निपटायचा. अशानं चौथ्या गडाच्या सरदाराशी बाबा पाच वर्षं हरत राहिले.

"त्येका मागे ठेवा ना," तेजस्वी सांगायची. "आगकोंब्याक आधी सोडा."

"ऱ्हवांदे गो. त्येची जागा ती."

सावित्रीला यातलं काही पसंत नव्हतं, पण ती भांडकुदळ बाई नव्हती. कारखान्यातून येताना हातांना काजूचं तेल लागून काळे डाग पडलेले असत. हात चोळत ती दुकानाशी यायची आणि म्हणायची, "घड्याळां आता कोण बांधता? सगळ्यांच्या खिशात मोबाईल इले. कुडाळाक शिकवतत म्हणे मोबाईल दुरुस्त करूक. तुमी जायत नाय तां कित्याक?"

"जातंय," बाबा म्हणायचे. पण जात नसत.

एस.टी.ची वाट बघणारे लोक दुकानाच्या काचेवर रेलायचे, त्यामुळे बाबांच्या हातातला खेळ सगळ्या बाजाराला ठाऊक झाला. पहिल्यांदा गणपत शिंप्यानं हाक मारली की आणखी कुणी, ते सांगता येत नाही, पण दोन हजार चारच्या सुमाराला बाबांचं नाव बोचको पडलं. "बोचक्याकडे दी घड्याळ." "बोचक्याच्या दुकानाकडे उतर." बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते हाकेला ओ देत.

तेजस्वीला वाटलं. ती तेव्हा पाचवीत गेली होती, मोठ्या शाळेत. तिथे रिया नावाची एक मुलगी होती, तिच्या वडलांचं बाजारात कापडाचं दुकान. रिया वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला धार होती. वर्गात तेजस्वी शिरली की ती हळूच म्हणायची, "बोचक्याचा चेडू इला." मग मागच्या बाकापर्यंत हसू पसरत जायचं.

सहावीत असताना शाळेतलं मोठं घड्याळ बंद पडलं आणि मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं. मधली सुट्टी होती. बाबा शिडीवर चढलेले, खाली पोरांचा घोळका, आणि घोळक्यातून आवाज आला, "बोचको इलो रे." तेजस्वी खांबाआड उभी होती. तिला वाटलं, बाबा आता वळतील, दटावतील. बाबा वळले खरे. पण हसले आणि म्हणाले, "इलंय, इलंय. घड्याळ सुरू करतंय, मगे घंटा व्हयत तुमची." सगळी पोरं खिदळली. दोघा शिक्षकांनीही हसू दाबलं.

त्या दिवशी तेजस्वी दुकानात गेली नाही. घराच्या पायरीवर आई येईपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ती दुकानात बसली होती. बाबा जेवायला घरी गेले होते. खेळ पेटीवर होता. ती उचलून घेताना तिच्या मनात काय होतं ते तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. बाबा हा खेळ सोडतील, कुडाळला जाऊन शिकतील, आईचं ऐकतील, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं हे खरं. पण त्याहून खरं हे की तिला त्या प्राण्याचा राग आला होता.

खेळातल्या तिसऱ्या गावात एका म्हाताऱ्याचं घर होतं. तिथे गेलं की नको असलेला प्राणी कायमचा सोडून देता येई. बाबांनी तिला ते घर लहानपणीच दाखवलं होतं आणि बजावलं होतं, "हयसर बटण दाबूक नाय." आता ती तिथे गेली. बोचक्यावर बाण आणला. म्हाताऱ्यानं जपानीत काहीतरी विचारलं. तिनं बटण दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा दाबलं. बोचको म्हाताऱ्याच्या दारातून बाहेर आला, क्षणभर थांबला आणि आपल्या आखूड पायांनी चालत पडद्याबाहेर गेला. मग तिनं खेळ आहे तसा साठवून ठेवायचं बटणही दाबलं, म्हणजे मागे फिरायला वाव नको. यंत्र बंद केलं, होतं तिथे ठेवलं, आणि शाळेचं पुस्तक उघडलं.

बाबा आले. भिंग बाजूला सारून त्यांनी खेळ सुरू केला. थोडा वेळ बटणांचा आवाज आला, मग थांबला. तेजस्वीनं मान वर केली नाही.

"गो, ह्यां कोणी घेतलेला काय?"

"नाय," ती म्हणाली.

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. मुलगी नाही म्हणाली, म्हणजे प्रश्न मिटला. मग दोष यंत्रातच असला पाहिजे. त्यांनी पेचकस घेतला आणि यंत्र उघडलं.

ते पुढचे दोन महिने तेजस्वीला कधी विसरता आले नाहीत. बाबा रोज ते यंत्र उघडत. आत बसणाऱ्या खेळाच्या कॅसेटचे पितळी दात स्पिरिटनं पुसत, एकेक टाका भिंगाखाली धरत, पुन्हा जोडत, सुरू करत. पहिली जागा रिकामीच. पुन्हा उघडत. घड्याळातला बिघाड त्यांना दहा मिनिटांत सापडायचा. इथे बिघाड नव्हताच, तर सापडणार कुठून? दुरुस्तीला आलेली घड्याळं पेटीत पडून राहू लागली. एकदा एका गिऱ्हाईकाला त्यांनी दुसऱ्याचंच घड्याळ दिलं. सावित्री एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "चित्रासाठी सुतक धरलास काय तुमी?" बाबांनी मान खाली घातली, पण हातातला पेचकस ठेवला नाही.

तेजस्वी दर रात्री ठरवायची, उद्या सांगायचं. सकाळी बाबा तिच्या वेणीची रिबीन शोधून द्यायचे, आणि ते राहून जायचं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा म्हणाले, "कोल्हापुराक जातंय. थंय एक जण आसा, ह्याच कामातलो. येतंस?" नको म्हणायला तिला कारण सुचलं नाही.

सकाळच्या गाडीनं ते निघाले. कणकवली गेली, फोंडा गेला, घाट चढताना तिला मळमळलं. बाबांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. शर्टाच्या खिशात त्यांनी यंत्र फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, त्याचा कोपरा तिच्या कपाळाला लागत होता.

कोल्हापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांच्या एका गल्लीत ते दुकान होतं. दुकानदार तरुण, चष्मेवाला. बाबा अशा ठिकाणी शुद्ध बोलायचे आणि त्यामुळे परके वाटायचे. "यातला एक प्राणी गेला आहे," ते म्हणाले. "बाकीचे शाबूत आहेत. मेमरीत काही दोष असेल तर बघा."

तरुणानं कॅसेट उघडली, तपासली, दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली. बाबा पुढे वाकून त्याच्या हातांकडे बघत होते. तेजस्वी दुकानाच्या पायरीकडे बघत होती.

"काका, हे ठणठणीत आहे," तरुण म्हणाला. "आणि एकच जात नाही कधी. मेमरी गेली की सगळंच जातं. हा खेळ मी कॉलेजात इंग्रजीत खेळलोय. तिसऱ्या गावात एक म्हातारा असतो, तिथं नेऊन सोडलं असणार कुणीतरी. दोनदा विचारतो तो, चुकून होत नाही. कुठला होता?"

बाबांनी टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवला. गाठ, डोळे, पाय.

तरुण हसला. "हा होय? हा कोण ठेवतंय? आम्ही पहिल्याच दिवशी सोडून द्यायचो. दलदलीत ढिगानं मिळतील, दुसरा पकडा."

"नको," बाबा म्हणाले. "आभारी आहे." त्यानं कामाचे पैसे घेतले नाहीत. बाबांनी यंत्र फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली, खिशात ठेवलं. मग तेजस्वीचा हात धरून रस्ता ओलांडला. हाताची पकड नेहमीइतकीच होती. तेजस्वीला ती सैल किंवा घट्ट झाली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. राधानगरी मागे पडली. घाट उतरला. तिला वाटत होतं, आता विचारतील, आता विचारतील. फोंडाघाटला गाडी चहासाठी थांबली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बाबांनी कांदाभजी घेतली आणि कागद तिच्यापुढे धरला.

"बाबा," ती म्हणाली.

"खा. थंड होतली."

"मी सोडलंय त्येका."

"म्हायत आसा."

तिला रडू फुटलं. शेजारच्या बाकावरची बाई वळून बघू लागली. बाबांनी भजीचा कागद बाकावर ठेवला. कंडक्टर चहाचा पेला हातात घेऊन गाडीला फेरी मारून आला. मग बाबांनी विचारलं,

"जाताना खंयच्या बाजूक गेलो तो?"

तिला आधी प्रश्न कळला नाही.

"म्हाताऱ्याच्या घरातसून भायर पडलो मा? मगे खंय वळलो? डावीकडे गेल्यार गड लागता."

"उजवीकडे," ती म्हणाली. "उजवीकडे गेलो."

बाबांनी भजीचा कागद पुन्हा हातात घेतला. "थंय तळी आसा," ते म्हणाले. "बरा झाला." मग त्यांनी एक भजी उचलली आणि खाल्ली.

घरी सावित्रीनं विचारलं, "सापाडलो काय बिघाड?" बाबा चपला काढत होते. "होय," ते म्हणाले. "मशिनीतच होतो." तेजस्वी मोरीवर पाय धूत होती. तिनं ते ऐकलं. दुकानात बसून त्यांनी जो खोटा बिघाड कधी कुणाला सांगितला नव्हता, तो त्या दिवशी घरात सांगितला, आणि तिच्यासाठी सांगितला. तिला ते शिक्षेहून जड गेलं.

त्यानंतर बाबा खेळले, पण कमी. पाचच प्राणी घेऊन. पहिल्या जागेवर त्यांनी दुसरा कुणी आणला नाही. तेजस्वीनं एकदा त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, तर टोपीवाला मुलगा तळ्याच्या काठानं फेऱ्या मारत होता. एक, दोन, तीन. तिथे गवत नव्हतं, तिथे कुणीच भेटत नसे, हे तिला माहीत होतं. तिनं विचारलं, "तो परत येता काय असो?"

"नाय. येवचो नाय."

"मगे?"

"जातंय आपलो," बाबा म्हणाले.

पुढच्या वर्षी ते कुडाळला जाऊन मोबाईलचं काम शिकून आले. काचेच्या पेटीत पट्ट्यांच्या जागी चार्जर लटकू लागले. नव्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, तरी बाजारानं पाटी वाचली नाही. लोक बोचक्याकडेच जात राहिले. दोन हजार नऊमध्ये रिया स्वतः पाण्यात पडलेला मोबाईल घेऊन आली आणि बाबांना सरळ "बोचको काका" म्हणाली, अगदी आदरानं. तेजस्वी पेटीमागे बसली होती. तिनंच तो मोबाईल घेतला आणि पावती लिहून दिली.

त्याच पावसाळ्यात कॅसेटमधला बारीक सेल संपला. बाबांनी सुरू करून पाहिलं, तर सगळं कोरं. आगकोंबो नाही, दगडी आजो नाही, जिंकलेले तीन गड नाहीत. "आता खरोच बिघाड," ते तेजस्वीला म्हणाले. नवा सेल घालणं त्यांच्या हातचा मळ होता, त्यांनी तो घातलाही. पण खेळ पहिल्यापासून सुरू करायला ते बसले नाहीत.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये तेजस्वी अकरावीसाठी कुडाळला मावशीकडे राहायला निघाली. सावित्रीनं सुट्टी काढली होती, ती घरून लाडवांचा डबा आणायला गेली होती. तेजस्वी बॅग घेऊन दुकानाशी थांबली. बाबा एका मोबाईलवर वाकले होते.

"बाबा, एक इचारू?"

"इचार."

"तो इतको कित्याक आवाडायचो तुमका?"

बाबांनी हातातली तार खाली ठेवली. उत्तर द्यायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे तिला दिसत होतं.

"म्हायत नाय गो," ते शेवटी म्हणाले. "दिसलो नि आवाडलो."

"आणि माझो राग येवक नाय तुमका?"

"इलेलो," बाबा म्हणाले. "कोल्हापुरात त्या दुकानातसून भायर पडलंव, तेव्हा लय इलेलो. तुझो हात धरलेलो ना, तो सोडून देवचो असा वाटलेला. फोंड्यापर्यंत राग होतो."

तिनं मान हलवली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबांना राग येतच नाही, आणि त्या समजुतीनं तिला कधी मोकळं वाटलं नव्हतं. आता वाटलं. ती काही बोलणार तेवढ्यात मालवणकडून गाडी आली. सावित्री डबा घेऊन धावत पोचली. बाबांनी बॅग उचलून वरच्या फळीवर चढवली, खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली आणि खाली उतरले.

"पोचल्यार फोन कर," ते म्हणाले.

गाडी हलली. तेजस्वीनं मागे वळून पाहिलं तेव्हा आई अजून रस्त्यात उभी होती, आणि दुकानाशी कुणीतरी गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून बाबा भराभर चालत तिकडे निघाले होते.